शंभर कोटींतला एक भाग

पांढरकवड्यात ऊन तापायला लागलं की खिडक्यांना कूलर लागतात. ताट्या भिजतात, टाकीत पाणी भरलं जातं, आतली खोली गार होते. त्याच दिवसांत बाहेर पडवीत लॅपटॉप घेऊन बसणाऱ्याचं वायफाय तुटायला लागलं, तर दोष लॅपटॉपचाच असेल असं नाही. राउटर आत, लॅपटॉप बाहेर आणि मधल्या खिडकीत पाण्यानं भरलेली पत्र्याची पेटी. पत्रा रेडिओ लहरी परतवतो, पाणी आणि ओल्या ताट्या त्या शोषून घेतात.

खिडकीला धातूची मच्छरजाळी असेल तर तीही लहरी अडवते. जाळीतून वारा येतो, उजेड येतो, मग वायफाय का नाही? याचं देखणं उत्तर नारायणगावजवळ खोडदला उभं आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, तारेच्या जाळीचा आहे. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. पण ही दुर्बीण टिपते त्या लहरी वीसेक सेंटीमीटरपासून मीटरांपर्यंत लांब, आणि भोकं एक-दोन सेंटीमीटरची. एवढ्या लांब लहरीला ती जाळी अखंड आरशासारखी. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायची लहर साडेबारा सेंटीमीटरची असते, मच्छरजाळीचं भोक जेमतेम मिलिमीटरभर. नियम तोच. नायलॉनची जाळी मात्र बेलाशक लावा.

अडलेल्या लहरीपेक्षा मला पोचलेल्या लहरीचं नवल जास्त वाटतं. घरगुती राउटर साधारण १०० मिलिवॅट शक्तीनं लहरी सोडतो. सिग्नल मोजणाऱ्या ॲपवर उणे ७० डीबीएम दिसलं, तर त्या शक्तीचा शंभर कोटींतला एक भाग लॅपटॉपपर्यंत आलेला असतो. आणि तेवढ्यावर चित्रपट चालतो! आकडा आणखी दहानं घसरला की शक्ती दहाव्या हिश्शावर येते. उणे ८०च्या आसपास तुटातूट सुरू होते, यात काहीच वावगं नाही.

शिवाय ही शक्ती एका वाटेनं येत नाही. भिंती, लोखंडी कपाट, स्लॅबच्या सळ्या यांवर आपटून तोच संदेश अनेक वाटांनी, किंचित मागेपुढे पोचतो आणि स्वतःतच मिसळतो. हा गुंता सोडवणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाचे जॉन ओसुलिवन होते. १९७०च्या दशकात ते रेडिओ दुर्बिणीतून, स्टीफन हॉकिंग यांनी भाकीत केलेल्या, स्फोट होऊन संपणाऱ्या इवल्या कृष्णविवरांचे स्पंद शोधत होते. ते सापडले नाहीत. पण अंतराळातून विस्कटत येणारे संकेत पुन्हा जुळवण्याच्या गणितावर त्यांचा हात बसला होता. पुढे सीएसआयआरओ या संस्थेत त्यांच्या गटानं ते घरातल्या प्रतिध्वनींना लावलं आणि १९९६ साली अमेरिकेत पेटंट मिळवलं. एका मोठ्या भरधाव प्रवाहाऐवजी माहिती अनेक संथ प्रवाहांत वाटून पाठवायची, हे त्यातलं मर्म. वायफायच्या एका प्रचलित पद्धतीत प्रत्येक तुकड्याला ०.८ मायक्रोसेकंदाची मोकळीक ठेवतात. तेवढ्या वेळात लहर २४० मीटर धावते, म्हणजे घरातले प्रतिध्वनी येऊन विरायला भरपूर अवधी मिळतो.

तरीही एखाद्या जागी प्रतिध्वनी एकमेकांना बरेच खोडतात. अशा वेळी लॅपटॉप तीन-चार सेंटीमीटर सरकवून बघा. लहरीच्या पाव लांबीएवढ्या अंतरानं चित्र पालटू शकतं.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त झाला. त्यामुळे शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन तिथेच दाटी करतात. तिथं १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता चालतात, त्यांतलं मोकळं असेल ते निवडा. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा घ्या. तिथं जागा भरपूर, पण भिंतीपलीकडे तो लवकर दमतो. आणि लॅपटॉपला यूएसबी ३ची हार्डडिस्क जोडली असेल तर काढून पाहा. तिच्या केबलमधून नेमक्या २.४च्या आसपास गोंगाट गळू शकतो. अशी साधी, डोळ्यांसमोरची वस्तू दोषी असेल हे सहसा सुचत नाही.

या सगळ्याआधी करायची परीक्षा एकच. लॅपटॉपवरून राउटरच्या पत्त्यावर, बहुधा १९२.१६८.१.१, पिंग (उत्तर मागणारा छोटा संदेश) चालू ठेवा. उत्तरं काही मिलिसेकंदांत, न गळता आली तर घरातली हवा निर्दोष आहे. मग फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागलाय का ते पाहा, लागला असेल तर दोष बहुतेक तारेत आहे. उत्तरं गळत असतील तर कूलर, जाळी, कपाट यांच्याकडे वळा. आणि लॅपटॉप चार्जरवर असताना सगळं सुरळीत, पण बॅटरीवर आला की वायफाय तुटतं, असं दिसलं, तर वायफायची वीजबचत बंद करा. लॅपटॉप वीज वाचवायला रेडिओला मधूनमधून डुलकी घेऊ देतो, आणि सिग्नल मुळातच अशक्त असेल तेव्हा ती डुलकी महागात पडते.