दोन इग्निशन बॉक्सची तुलना : आपण नेमकं काय मोजतोय?

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलं की 'अ आणि ब यांचा तुलनात्मक अभ्यास' हा विषय हमखास सुचतो. सोपा वाटतो ना? दोन वस्तू घ्यायच्या, मोजायचं, तक्ता करायचा, झालं. ही सोपी तुलना कशी फसते ते आज एका उदाहरणातून बघू. उदाहरण आहे जुन्या अमेरिकन मसल कारच्या व्ही-८ इंजिनांना बसवायच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशन बॉक्सचं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६०च्या दशकातल्या या गाड्यांमध्ये कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडायचं काम डिस्ट्रिब्यूटरमधले यांत्रिक पॉइंट्स करायचे. ते झिजायचे, जळायचे, पुन्हा पुन्हा सेट करावे लागायचे. क्रायस्लरने १९७३ पर्यंत आणि जनरल मोटर्सने १९७५ मध्ये त्यांच्या जागी सरसकट ट्रान्झिस्टर आणला. आज या गाड्या जपणाऱ्यांपुढे क्रायस्लर पद्धतीचा बॉक्स, जीएमचं एचईआय, एमएसडी ६ए असे बरेच पर्याय असतात. मग प्रश्न येतोच, 'यातला चांगला कोणता?'

तत्त्वं दोनच आहेत. पहिल्या प्रकारात ऊर्जा कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात साठते. क्रायस्लर आणि एचईआय या प्रकारात येतात. दुसऱ्या प्रकारात ती कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्टला साठवून एकदम कॉइलमध्ये सोडतात. एमएसडी ६ए या प्रकारातला आहे, आणि कमी वेगात तो एकाच स्फोटासाठी एकामागून एक अनेक ठिणग्या पाडतो.

आता कागद-पेन घ्या. चार स्ट्रोकच्या व्ही-८ ला क्रँकच्या दर ९० अंशांना एक ठिणगी लागते. ६००० आरपीएमला सेकंदाला ४०० ठिणग्या होतात, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला फक्त २.५ मिलिसेकंद. समजा कॉइल ८ मिलिहेन्रीची आहे, एकूण रोध ३ ओहम आणि बॅटरी १२ व्होल्टची. कॉइल पूर्ण भरली तर प्रवाह ४ अँपिअर आणि ऊर्जा ६४ मिलिज्यूल. पण भरायला २ मिलिसेकंदच मिळाले तर प्रवाह साधारण २.१ अँपिअरपर्यंत पोहोचतो आणि ऊर्जा १८ मिलिज्यूलच्या आसपास राहते. कपॅसिटर फार पटकन भरतो, म्हणून वरच्या वेगात त्याची बाजू भक्कम. एचईआयचं मॉड्यूल वेगानुसार भरण्याचा वेळ बदलून ही अडचण काही अंशी सोडवतं.

म्हणजे निकाल लागला? थांबा. खरे खड्डे पुढे आहेत.

पहिला खड्डा टायमिंगचा. समजा एका बॉक्सचं सर्किट सिग्नल मिळाल्यावर ५० मायक्रोसेकंद उशिरा ठिणगी देतं. १००० आरपीएमला हा उशीर ०.३ अंश, कुणाच्या लक्षातही येणार नाही. ६००० ला तोच १.८ अंश होतो. तुम्ही टायमिंग आयडलला सेट करून दोन्ही बॉक्स डायनोवर पळवले आणि ताकदीत फरक दिसला, तर तो ठिणगीच्या जोराचा की टायमिंगचा? सांगता येणार नाही. टायमिंग प्रत्येक वेगाला तपासायलाच हवं. त्यातही गंमत अशी की काही डायल-बॅक टायमिंग लाइट अनेक ठिणग्यांच्या सिस्टिमवर चुकीचं वाचन देतात. म्हणजे मोजायचं साधनसुद्धा एका बॉक्सच्या बाबतीत वेगळं वागू शकतं!

दुसरा खड्डा : बॉक्ससोबत कॉइल, बॅलास्ट रेझिस्टर आणि प्लगचं अंतरही बदलतं. मग तुलना बॉक्सची उरत नाही, अख्ख्या संचाची होते. तसं करायलाही हरकत नाही, पण शीर्षकात तसं लिहा.

तिसरा खड्डा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वाळलेलं गवत एका काडीने पेटत असेल, तर दहा काड्या ओढून आग मोठी होत नाही. मिश्रण एकदा नीट पेटलं की जास्त ऊर्जेने ताकद फारशी वाढत नाही. त्यामुळे निरोगी इंजिनावर 'काही फरक नाही' असा निकाल येईल, आणि तो दिशाभूल करेल. मिश्रण पातळ करा, प्लगचं अंतर वाढवा, आणि कोणता बॉक्स आधी मिसफायर करतो ते बघा. फरक काठावर दिसतो.

आणि क्रम? आधी अ, मग ब, शेवटी पुन्हा अ. दोन्ही 'अ' जुळले नाहीत तर इंजिन तापल्याचा किंवा हवा बदलल्याचा परिणाम तुम्ही बॉक्सच्या नावावर खपवताय.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं नाही. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी दोन सेन्सरची तुलना केली, छान आलेख काढले आणि ऐटीत गाइडसमोर ठेवले. सरांनी एवढंच विचारलं, "सेन्सरबरोबर आणखी काय बदललं होतं?" केबल बदलली होती. चार महिन्यांचा डेटा बाजूला ठेवावा लागला.

म्हणून प्रस्ताव पाठवण्याआधी एक काम करा. एका कागदावर 'मी काय बदलतोय' आणि दुसऱ्यावर 'त्याबरोबर आपोआप काय बदलतंय' असं लिहून काढा. दुसरा कागद कोरा राहिला, तर समजा अजून नीट शोधलेलं नाही.