शहापूरची मराठी कुठे मोजायची? गावात, जिल्ह्यात की राज्यात?

बेळगावचे शहापूर जागचे हललेले नाही, तरी त्याच्या कागदपत्रांवरचे राज्य मात्र वारंवार बदलले. संस्थानी काळात शहापूर सांगलीकर पटवर्धनांच्या अमलाखाली होते, तर त्याला लागून असलेले बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होते. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले आणि दोन्ही भाग मुंबई राज्यात एकत्र आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला. चंदगड तालुका वगळून सारा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. माग तेच, सराफी पेढ्या त्याच, घरात बोलायची भाषाही तीच. कचेरीतल्या अर्जाची भाषा तेवढी पालटली.

गोव्यातील अनेक कुटुंबांची बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांशी सोयरीक आहे. त्यामुळे सीमाभागाची बातमी आली की इथेही एकच प्रश्न विचारला जातो: सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कधी लागणार? त्याच्या आड दुसरा प्रश्न नेहमी झाकला जातो. निकाल लागो वा न लागो, शहापुरातील मराठी भाषकाला आज, कर्नाटकाचा नागरिक म्हणून, कायद्याने काय मिळायला हवे? हे दोन्ही प्रश्न कायद्याच्या दृष्टीने सर्वस्वी वेगळे आहेत. दोहोंचे उत्तर मात्र एका छोट्याशा शब्दावर अवलंबून आहे. तो शब्द म्हणजे ‘घटक’. मराठी भाषक बहुसंख्य की अल्पसंख्य, हे ठरवताना मोजणी कुठली करायची?

आधी दाव्याविषयी. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा क्रमांक ४ दाखल केला. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३१ नुसार राज्याराज्यांतील किंवा राज्य आणि केंद्र यांच्यातील वाद थेट सर्वोच्च न्यायालयापुढे नेता येतो. हे अपील नव्हे. साक्षी-पुरावे नोंदवण्यापासून सारे काम तिथेच व्हावे लागते. महाराष्ट्राची भूमिका चार सूत्रांवर उभी आहे: गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. जिल्हा उचलून दुसऱ्या राज्याला देण्याऐवजी गाववार मोजणी व्हायला हवी होती, असे हे म्हणणे आहे. १९६६ मध्ये नेमलेल्या माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांच्या आयोगाने पुढल्या वर्षी अहवाल दिला. त्याने २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे म्हटले, पण बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. आयोगाची शिफारस संसदेला वा न्यायालयाला बांधील नसते, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना सोयीनुसार आठवते आणि सोयीनुसार विसरते.

दाव्यात प्रगती का दिसत नाही? २०१४ मध्ये न्यायालयाने पुरावे नोंदवण्यासाठी जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांची नेमणूक केली होती. कर्नाटकाचा आक्षेप त्याही आधीच्या पायरीवर आहे. राज्यांच्या सीमा ठरवणे हा अनुच्छेद ३ नुसार संसदेचा अधिकार आहे, म्हणून हा दावा चालवण्याजोगाच नाही, असे ते राज्य म्हणते. हा आक्षेप हलका नाही. १९५९ मध्ये ‘बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद ३ चा अर्थ लावला, आणि तो खटला आपल्याच भागातला होता. मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन भाग होते. संसदेत त्याऐवजी विशाल द्विभाषिक मुंबई राज्य साकारले. बदललेल्या योजनेवर विधानसभेचे मत पुन्हा घेतले नाही, अशी तक्रार होती. न्यायालयाने ती फेटाळली. विधेयक एकदा विधानसभेकडे मतासाठी गेले की पुरे. ते मत संसदेवर बंधनकारक नाही आणि दुरुस्तीनंतर पुन्हा विचारण्याचीही गरज नाही. लोकेच्छेला घटनेने किती जागा दिली आहे, हे या निकालावरून कळते. जागा आहे, पण ती सल्ल्यापुरती.

दुसरी अडचण अधिक तांत्रिक आहे. केंद्राच्या कायद्याची वैधता अनुच्छेद १३१ खालच्या दाव्यात तपासता येते का, यावर सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन खंडपीठांत मतभेद आहेत. २०११ मध्ये मध्य प्रदेशच्या प्रकरणात ‘नाही’ असे उत्तर आले. पुढे झारखंड विरुद्ध बिहार या प्रकरणात दुसऱ्या खंडपीठाला ते पटले नाही आणि त्याने मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवला. महाराष्ट्राचा दावा १९५६ च्या कायद्यातील तरतुदींनाच आव्हान देतो. तेव्हा त्याची वाट या मुद्द्यावरून जाते. ‘तारीख पे तारीख’ एवढ्यावर सारा विलंब ढकलून मोकळे होता येत नाही, ते यामुळे.

आता आजच्या हक्कांकडे वळू. इथे घटक एकदम बदलतो. दाव्यात महाराष्ट्र गाव मोजा म्हणतो. अल्पसंख्याकांच्या हक्कांत मात्र सर्वोच्च न्यायालयाने राज्य हा घटक मानला आहे. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी अकरा न्यायाधीशांच्या पीठाने टी. एम. ए. पै फाउंडेशन प्रकरणात हे स्पष्ट केले. हे प्रकरण कर्नाटकातील मणिपालचेच होते. म्हणजे एखाद्या गल्लीत, प्रभागात किंवा गावात मराठी भाषक कितीही बहुसंख्य असले तरी कर्नाटकात ते भाषिक अल्पसंख्याकच ठरतात. भावनेला हे बोचते. आम्ही इथले मूळचे, आम्हाला अल्पसंख्याक का म्हणता, असा सवाल सीमाभागात अनेकदा ऐकू येतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र हा अपमान नव्हे, ती ढाल आहे. अनुच्छेद २९ आणि ३० चे संरक्षण, स्वतःच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क, हे सारे त्या एका शब्दामुळे मिळते.

या संरक्षणात सर्वांत कमी वापरली जाणारी तरतूद अनुच्छेद ३५० ची आहे. तक्रार निवारणासाठीचे निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. शहापुरातील विणकराने पाणीपट्टीबद्दल मराठीत तक्रार लिहिली, तर ‘कन्नडमध्ये लिहून आणा’ असे म्हणून ती परत करता येत नाही. मात्र उत्तर मराठीतच मिळेल, असे हा अनुच्छेद म्हणत नाही. अर्ज करण्याचा हक्क घटनेने दिला आणि उत्तराची भाषा राज्यावर सोडली.

मराठीतून नोटिसा, परिपत्रके मिळावीत ही मागणी वेगळ्या आधारावर उभी आहे. १९५६ च्या केंद्रीय निवेदनात आणि १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत काही टक्केवाऱ्या ठरल्या. जिल्ह्यात, किंवा तालुका वा नगरपालिका अशा लहान क्षेत्रात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण १५ टक्के असेल, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. जिल्ह्यात ते ६० टक्के असेल, तर ती भाषा तिथे अतिरिक्त राजभाषा मानावी. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा असलेले १५ टक्क्यांहून अधिक आहेत, पण ६० टक्क्यांच्या जवळपासही नाहीत. मराठी कागदपत्रांची मागणी या निकषात बसते. जिल्हाभर मराठीला राजभाषेचा दर्जा, ही मागणी बसत नाही. दोन्ही मागण्या एकाच निवेदनात घातल्या की पहिलीचेही वजन जाते. शिवाय हे निकष म्हणजे सरकारांमधील सहमती आहे, विधिमंडळाने केलेला कायदा नव्हे. त्यामुळे न्यायालयात त्यांचा आधार देता येतो, पण केवळ त्यांच्या जोरावर आदेश मिळवणे कठीण असते.

पाट्यांच्या वादात १५ एप्रिल २०२५ चा निकाल उपयोगी पडेल. अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव होते. एका माजी नगरसेविकेने त्याला हरकत घेतली. न्यायमूर्ती सुधांशु धुलिया आणि के. विनोद चंद्रन यांच्या पीठाने फलक कायम ठेवला. स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषा कायद्याने मराठी आवश्यक केली आहे, त्यासोबत दुसरी भाषा वापरण्यास बंदी घातलेली नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. फलक लोकांना कळावा यासाठी असतो, असेही न्यायालयाने मानले. हा निकाल महाराष्ट्राच्या कायद्यावरचा आहे, तो जसाच्या तसा बेळगावला लावता येणार नाही. परंतु राजभाषा आवश्यक करणे आणि इतर भाषा निषिद्ध करणे यांतला भेद न्यायालयाने मान्य केला, आणि दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड मागणाऱ्या कर्नाटकाच्या कायद्यापुढेही तोच प्रश्न मांडता येतो: उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी का नको?

मात्र हाच न्याय उलट दिशेनेही चालतो, आणि तेवढे प्रांजळपणे मान्य करायला हवे. २००४ च्या उषा मेहता प्रकरणात महाराष्ट्रातील गुजराती भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळांनी मराठी सक्तीला आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने सक्ती उचलून धरली. मुंबईतील दुकानांवर मराठी पाट्या लावण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आपण समाधान व्यक्त केले. मग मराठी शाळेत कन्नड हा विषय शिकवण्याला सरसकट विरोध करणारा वकील कोणता आधार सांगणार? विषय म्हणून राज्यभाषा शिकवणे न्यायालयांनी मान्य केले आहे. माध्यम लादणे मान्य केलेले नाही. कर्नाटकाने १९९४ च्या आदेशाने पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेत किंवा कन्नडमध्येच असावे असे ठरवले होते. ६ मे २०१४ रोजी घटनापीठाने, मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि प्राथमिक शिक्षणाचे माध्यम राज्याला लादता येणार नाही, असा निकाल दिला. या निकालाने मराठी पालकाला कन्नड माध्यमाच्या सक्तीपासून मोकळे केले आणि त्याच वेळी इंग्रजी माध्यमाचे दार सताड उघडले. मराठी शाळा टिकवण्याचा भार त्यामुळे अनुच्छेद ३५०-क वर येतो. त्यात राज्याने आणि स्थानिक प्राधिकरणाने प्राथमिक स्तरावर मातृभाषेच्या शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न करावा, असे म्हटले आहे. १९४९ पासूनचा निकष सांगतो, शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असावीत. मुलेच नसतील तर तो निकष कोणासाठी वापरायचा?

गोव्याच्या वाचकाला इथे एक फरक जाणवेल. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केले, पण शासकीय कामकाजासाठी मराठीचा वापर करता येईल, हेही त्याच कायद्यात लिहिले. त्यावरचे वाद काही असोत, इथल्या मराठीच्या नावाची नोंद कायद्याच्या पुस्तकात आहे. कर्नाटकाच्या विधिमंडळाने तसे केलेले नाही. विधिमंडळाला वळसा घालणारी एक वाट घटनेत आहे. अनुच्छेद ३४७ नुसार, राज्याच्या लोकसंख्येच्या मोठ्या हिश्शाची तशी इच्छा आहे याबद्दल राष्ट्रपतींचे समाधान झाले, तर ती भाषा संपूर्ण राज्यात ‘किंवा त्याच्या एखाद्या भागात’ अधिकृत मानण्याचा निर्देश ते देऊ शकतात. सीमाभागासाठी वजन ‘एखाद्या भागात’ या शब्दांना आहे, पण इच्छा मोजायची ती पुन्हा राज्याच्या लोकसंख्येत.

तोवर करण्याजोगे काम साधे आहे. निवेदन मराठीत द्यावे, त्यात अनुच्छेद ३५० चा उल्लेख करावा आणि पोच घ्यावी. नाकारले तर नकार लेखी मागावा. त्याची प्रत अनुच्छेद ३५०-ख खालच्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवावी. त्यांना आदेश देण्याचा अधिकार नाही, पण त्यांचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे जातो. आदेश हवा असेल तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठात अनुच्छेद २२६ खाली याचिका करावी लागते, आणि तिथे न्यायाधीश पहिल्यांदा विचारतील तो लेखी नकाराचाच कागद.