जलोदर, पाण्याची गोळी आणि रोजा

इटियाडोहच्या पाण्यावर अर्जुनी-मोरगाव परिसरातला धान डोलतो. गाढवी नदीवरच्या या धरणाकाठी पाणी म्हणजे सुबत्ता. पोटात साचणाऱ्या पाण्याची गोष्ट मात्र निराळी. लिव्हर सिरोसिसमध्ये पोट तटतटते, पाय सुजतात आणि गावात कुजबुज सुरू होते, ‘पीत असेल!’ आयुष्यात दारूला न शिवलेल्या नमाजी माणसालाही हे ऐकावे लागते. दारू हे एक कारण खरे. पण हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेह, लठ्ठपणा यांमुळेही लिव्हर कडक होते.

असे लिव्हर रक्ताला वाट देत नाही. शिरांमधला दाब वाढतो आणि अंगात रक्त कमी पडले, असा किडनीचा गैरसमज होतो. मग ती मीठ धरून ठेवते, मिठामागे पाणी येते. हे मीठ धरायला लावणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला स्पायरोनोलॅक्टोन अडवते. गोळीचा गुण यायला तीन ते पाच दिवस लागतात. अनेक जण त्याआधीच ती सोडून देतात. जोडीला फ्युरोसेमाइड असते. पहिली गोळी पोटॅशियम राखते, दुसरी घालवते, म्हणून बहुधा १०० आणि ४० मिलिग्रॅम अशी जोडी देतात. पायांवर सूज नसेल तर वजन दिवसाला अर्धा किलोपेक्षा जास्त उतरू नये. पाणी एकदम काढू नये, हे सुश्रुतानेही जलोदराबाबत सांगून ठेवले आहे.

रमजानमध्ये पेच पडतो. सहरीला गोळी घेतली तर लघवीवाटे पाणी जाते आणि दिवसभर घोटही घेता येत नाही. किडनीवर ताण येतो. इफ्तारनंतर घेतली तर तरावीहच्या नमाजमधून उठावे लागते. मग गोळीच चुकवली जाते. त्यातच दस्तरखानावर भजी, पापड, लोणचे. दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर मीठ पुरे. खजूर, नारळपाणी आणि ‘लो सोडियम’ मीठ यांत पोटॅशियम भरपूर. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

खरी अडचण उपाशी राहण्याचीच आहे. सिरोसिसमध्ये लिव्हरजवळ साखरेचा साठा उरत नाही; काही तासांत शरीर स्वतःचे स्नायू खाऊ लागते. म्हणून या रुग्णांना झोपण्यापूर्वीही थोडे खायला सांगतात. शेजारच्या प्रतापगडावर महाशिवरात्रीची यात्रा भरते, ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही तिथेच. निर्जळी उपवास असो की रोजा, लिव्हरला फरक कळत नाही.

सूरह बकरामध्ये आजाऱ्याला सूट स्पष्ट दिली आहे. बरा झाला तर रोजे नंतर पूर्ण करावेत. बरे होण्याची आशाच नसेल तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालावे. यालाच फिदया म्हणतात. तरीही ‘लोक काय म्हणतील’ म्हणून पोट फुगलेला म्हातारा रोजा धरतो आणि घरचे कौतुक करतात. त्या कौतुकाला काय म्हणावे!

अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नये. किडनी बसते, पाण्याच्या गोळीचा असरही जातो. बोलणे असंबद्ध झाले, दिवसा गुंगी आली, लघवी घटली, ताप येऊन पोट दुखू लागले किंवा रक्ताची उलटी झाली, तर इफ्तारची वाट पाहू नये. इथून गोंदिया दूर आहे. गाडी लगेच बोलवावी आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.