वीस वर्षांचा आराखडा, शंभर वर्षांचे पाणी

परवा कपाट आवरताना आमच्या सोसायटीची जुनी इतिवृत्ताची वही हाती लागली. तीत एका वार्षिक सभेचा ठराव आहे : ओढ्याकडील तारेचे कुंपण काढून पक्की भिंत बांधावी आणि वाढणारी जागा वाहने लावण्यास घ्यावी. ठराव एकमताने मंजूर. खाली चिटणीस म्हणून सही माझी.

हा ओढा म्हणजे पुण्याचा आंबिल ओढा. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा, तिथल्या तलावांतून उतरून सहकारनगर, दांडेकर पूल करीत मुठेला मिळणारा. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा उन्हाळ्यात तो चप्पल न भिजवता ओलांडता येई. अशा ओढ्याची चार हात जागा घेतली तर बिघडले कोठे, असा आमचा सरळ हिशेब होता. आपण काही गैर करतो आहोत, असे कोणाच्या मनातही आले नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो हिशेब चुकला. कात्रजच्या बाजूला धो धो पाऊस कोसळला आणि ओढा पात्र सोडून धावला. अरण्येश्वरजवळच्या वस्तीत घरांवर भिंत कोसळून माणसे गेली. शहर आणि परिसरात वीसहून अधिक जण दगावले. आमचीही भिंत पाण्याने नेली. आमच्याकडे मोटारींवर निभावले. पण आम्ही चेपलेले पाणी पुढे कोणाच्या दारात शिरले असेल, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

आपली शहरे आखायला कायदा आहे. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखडा किमान वीस वर्षांतून एकदा सुधारावा लागतो. पुण्याचा एक आराखडा १९८७ चा. त्यानंतरचा २००७ ते २०२७ या काळासाठीचा. त्याला मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये! म्हणजे निम्मा काळ उलटून गेल्यावर. शहर मात्र मंजुरीसाठी थांबले नव्हते.

आता पाण्याचा हिशेब पाहा. नदीकाठी पूररेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. मग वीस वर्षांपुढे न पाहणाऱ्या आराखड्यात हे पाणी बसायचे कसे? आणि ओढ्याची तर गणतीच वेगळी. नकाशावर तो एक बारीक निळी रेघ असतो. रेघेला रुंदी नसते, पाण्याला असते.

ओढ्याचा पूर ओढ्यात तयार होत नाही, तो डोंगरावर तयार होतो. उतारावर गवत आणि झाडे असली की पाऊस मुरतो, सावकाश उतरतो. तोच उतार खोदून सपाट केला, वर काँक्रीट आले, की आलेले सगळे पाणी एकदम खाली धावते. म्हणूनच १९९७ मध्ये पालिकेत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण सुचवले गेले. जमीन सुमारे ९७८ हेक्टर. हे आरक्षण राज्य सरकारने मान्य करायला २०१५ साल उजाडले. बरीचशी जमीन खासगी मालकीची असल्याने मोबदल्याचा वाद मागे लागला, आणि आरक्षण कागदावर असले तरी उतारावर घरे चढतच राहिली.

पूर्वी कोणी निसर्गात ढवळाढवळ केली नाही, असे मुळीच नाही. पेशवाईत हाच ओढा वस्तीतून काढून पर्वतीच्या बाजूने वळवला गेला. पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले. आजची सारसबाग त्याच जागेवर आहे. कात्रजचे पाणी बंदिस्त नळाने शहरात खेळवले. पण त्या लोकांनी पाण्याची एक वाट बंद करताना त्याला दुसरी जागा दिली. आम्ही फक्त घेतली.

पर्यावरणाचा एक स्वतंत्र अध्याय जोडला म्हणजे आराखडा दूरदृष्टीचा होत नाही. रस्ते आणि निवासी पट्टे आखण्याआधी पाणी कोठून येते, कोठे मुरते आणि शंभर वर्षांतून एकदा किती पसरते, हे नकाशावर उमटले पाहिजे. टेकडी, तलाव आणि ओढा ही तीन वेगळी आरक्षणे नव्हेत, ते एकच काम आहे. आणि ओढ्यांनाही नदीसारखी पूररेषा हवी. ती आखली तर अनेकांच्या जागेवर गदा येईल, आमच्याही. त्याची किंमत शहराने मिळून मोजावी लागेल. नाहीतर ती खालच्या अंगाच्या वस्त्या मोजतात, मोजत आल्या आहेत.

पुरानंतर भिंत पुन्हा बांधायची वेळ आली, तेव्हा ती दहा फूट मागे घ्यावी, असा ठराव मी सभेत मांडला. त्यात चार मोटारींची जागा जाणार होती. बरीच वादावादी झाली आणि ठराव दोन मतांनी पडला. भिंत जुन्याच जागी उभी आहे. फक्त या खेपेस ती अधिक जाड बांधली आहे.