चार-एकची ती रात्र आणि माझ्या १५८ निळ्या जर्सी



परवाच्या व्हिडिओत स्टॉक आणि उधारीवर बोलताना मी ओघात म्हणून गेलो की माझं सगळ्यात महागडं शिक्षण एका फुटबॉल मॅचनं केलं. ती गोष्ट व्हिडिओत बसत नव्हती, म्हणून इथे लिहितोय. जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

ट्रेनिंगच्या धंद्यात यायच्या आधी माझं कोल्हापुरात स्पोर्ट्सचं दुकान होतं. दहा बाय चौदाचं. आता धाकटा भाऊ बघतो. कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्यांना कुस्ती आणि तांबडा-पांढरा आठवतो, पण इथल्या पेठापेठांत फुटबॉल किती भिनलाय हे शाहू स्टेडियमवर तालमींची मॅच बघितल्याशिवाय कळत नाही. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावं इथे लोक घराण्याच्या नावासारखी सांगतात. २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला तेव्हा भारताच्या टीममध्ये आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. वर्ल्ड कप आला की गल्लीत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, वाद होतात, पैजा लागतात.

पण भारताच्या टीमची मॅच? ती बघणारे आम्ही मोजकेच. लोक हसायचे. "तुझा छेत्री काय म्हणतोय?" असं विचारायचे, जसं एखाद्याच्या आजारी म्हशीची चौकशी करावी तसं.

त्या छेत्रीला मी एकदा प्रत्यक्ष बघितला होता. जून २०१८ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या स्टेडियमवर चार देशांची स्पर्धा होती. १ जूनला भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक, आणि स्टेडियममध्ये माणसं किती? २,५६९. दुसऱ्या दिवशी त्यानं व्हिडिओ टाकला. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या, असा त्याचा सूर होता. हात जोडून. धंदा करणाऱ्या माणसाला त्या व्हिडिओत एक गोष्ट लगेच दिसली असेल: माल चांगला होता, गिऱ्हाईक नव्हतं, आणि मालक स्वतः दुकानाच्या पायरीवर उभा राहून लोकांना आत बोलवत होता, लाज न बाळगता. ४ जूनला केनियाविरुद्ध स्टेडियम फुल्ल. मी मालाच्या खरेदीला मुंबईत होतो, खरेदी सोडून गेलो. धो धो पाऊस, छेत्रीची शंभरावी मॅच, ३-० नं जिंकली. माझ्या खिशातल्या पावत्यांचा लगदा झाला. पण त्या रात्री मी फॅनचा भक्त झालो, आणि भक्त माणसानं खरेदीच्या ऑर्डरी देऊ नयेत, हे मला सहा महिन्यांनी कळणार होतं.

६ जानेवारी २०१९, रविवार. आशिया चषक, अबू धाबी, भारत विरुद्ध थायलंड. संध्याकाळी सातला मॅच. दुकानात छोटा टीव्ही होता, त्याच्यासमोर आम्ही सातजण. मागचा अनुभव असा, की २०११ साली याच स्पर्धेत भारत तीन मॅच हरला होता आणि तेरा गोल खाल्ले होते. २०१५ ला तर पात्रच झालो नव्हतो. त्यामुळे अपेक्षा काय, तर अब्रू राहू दे.

सत्ताविसाव्या मिनिटाला आशिक कुरुनियनचा फटका थायलंडच्या डिफेंडरच्या हाताला लागला, पेनल्टी, छेत्री, गोल. आम्ही ओरडलो. सहाच मिनिटांत त्यांनी फ्री किकवर हेडरनं फेडला. हाफ टाइमला १-१. एकजण म्हणाला, "झालं, आता आपलं नेहमीचं." तो भजी आणायला खाली गेला आणि आयुष्यभर पस्तावला, कारण दुसरा हाफ सुरू होऊन मिनिटभर होतंय तोवर उजवीकडून उदांता सुसाट सुटला, त्याचा पास, आशिकचा हलकासा स्पर्श, आणि छेत्रीनं बॉल न थांबवता कोपऱ्यात ठेवला. २-१. त्याचा देशासाठीचा सदुसष्टावा गोल. त्या वेळी मेस्सीचे अर्जेंटिनासाठी पासष्ट होते. आमच्या गल्लीतल्या अर्जेंटिनावाल्यांना मी हे त्या रात्री किमान चाळीस वेळा ऐकवलं असेन.

मग अनिरुद्ध थापा. अडुसष्टावं मिनिट. पुन्हा उदांताचा पास, गोलकीपर पुढे आलेला, आणि त्या पोरानं बॉल त्याच्या डोक्यावरून असा उचलून टाकला की टीव्हीसमोर क्षणभर कुणीच बोललं नाही. आपला प्लेयर? एवढा निवांत? शेवटी जेजे बदली म्हणून आला आणि दोनच मिनिटांत चौथा मारला. ४-१. आशिया चषकात भारताचा १९६४ नंतरचा पहिला विजय, पंचावन्न वर्षांनी. माझे वडील शटरपाशी उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "मी शाळेत होतो रे तेव्हा." बस्स, एवढंच. आणि आत जाऊन पुन्हा हिशेबाची वही काढून बसले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण नुसता आनंद नव्हता, फोन वाजत होता. अकरा फोन आले. "भावा, इंडियाची निळी जर्सी हाय का?" ज्या लोकांनी छेत्रीवरून माझी चेष्टा केली होती तेच. दुकानात जुन्या बारा निळ्या जर्सी पडून होत्या, सोमवारी दुपारपर्यंत बाराही गेल्या.

आता इथून पुढे नीट वाचा.

सोमवारी दुपारीच मी एमआयडीसीतल्या ओळखीच्या युनिटला ३०० जर्सींची ऑर्डर दिली. १९० रुपये पीस, एकूण ५७,०००. निम्मे आगाऊ, निम्मे पंधरा दिवसांनी. विकायच्या ३५० ला. युनिटवाले मालक अनुभवी होते. म्हणाले, "शंभर करा, लागल्या तर दोन दिवसांत परत देतो." मी म्हणालो, तीनशेच. ते पुढे म्हणाले, "मग निदान पाठ कोरी ठेवा." मी म्हणालो, नाही, पाठीवर 'छेत्री' आणि '११' पाहिजे. कोरी निळी जर्सी कुठल्याही गल्लीच्या टीमला खपते. नाव छापलेली फक्त भक्ताला खपते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी दुकानदार दुकानात नव्हता, फॅन गल्ल्यावर बसला होता.

आणि आगाऊ दिलेले २८,५०० कुठले? तर ते तालमींच्या सीझनसाठी स्टड्स मागवायला बाजूला काढलेले पैसे होते. बायकोनं विचारलं, "अहो, ते बुटांचे पैसे ना?" मी म्हणालो, आठ दिवसांत दुप्पट होऊन परत येतील.

१० तारखेला सकाळी माल आला. त्या दिवशी ४१ गेल्या. रात्री यजमान संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध मॅच. भारत चांगला खेळला, बॉल दोनदा गोलच्या लाकडाला लागून परत आला, आणि आपण ०-२ हरलो. शुक्रवारी १९ जर्सी. शनिवारी २२, रविवारी २७. कारण आशा होती: शेवटच्या मॅचमध्ये बहारीनशी बरोबरी झाली तरी पुढच्या फेरीत. सोमवार, १४ जानेवारी, भोगी. घरात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी, आणि दुकानात ३३ जर्सी गेल्या. एकूण १४२.

रात्री साडेनऊला मॅच सुरू झाली. सुरुवातीलाच अनस जखमी होऊन बाहेर. भारत मागे सरकत गेला, मागे सरकत गेला. संदेश झिंगन आणि गुरप्रीत भिंतीसारखे उभे, पण बॉल सारखा आपल्याच हाफमध्ये. नव्वद मिनिटं ०-०. आम्ही घड्याळाकडे बघत होतो. एक्क्याण्णवाव्या मिनिटाला प्रणय हळदारकडून बॉक्समध्ये फाऊल झाला, पेनल्टी, जमाल राशिदनं मारली. संपलं. कोच कॉन्स्टंटाइन यांनी मॅचनंतर लगेच राजीनामा दिला.

मंगळवारी, ऐन संक्रांतीला, एकही जर्सी गेली नाही. बुधवारी नाही. गुरुवारी एकजण आला, मी उठून उभा राहिलो, त्याला शिट्टी पाहिजे होती.

तुम्ही म्हणाल नशीब. मी पण महिनाभर तेच म्हणत होतो, लाकडाला लागलेल्या त्या दोन बॉलना शिव्या देत. मग एके दिवशी कागदावर त्या गटाचा तक्ता लिहून काढला आणि गप्प बसलो. भारत: तीन मॅच, चार गोल केले, चार खाल्ले. थायलंड: तीन केले, पाच खाल्ले. म्हणजे गोलांच्या हिशेबात आपण थायलंडच्या वर. तरी थायलंड गटात दुसरा आणि आपण शेवटचे! कारण आपले चारही गोल एकाच रात्रीचे. त्यानंतरच्या १८० मिनिटांत एकही नाही. थायलंडनं एक-एक करून तीन मॅचमध्ये मारले. १-४ हरल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोच बदलला. आता असं रागाच्या भरात माणूस काढणं मला पटत नाही, आणि माझ्या बॅचमध्ये मी ते कुणाला शिकवतही नाही. पण पहिल्या मॅचला चार गोल खाल्लेल्या त्याच थायलंडनं बहारीनला १-० हरवलं, अमिरातीला १-१ वर रोखलं आणि पुढची फेरी गाठली. त्यांना आपलं भोक दिसलं होतं. आम्हाला ४-१ च्या उजेडात आमचं दिसलंच नाही.

माझ्या दुकानाचा तक्ता मी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहिला. १४२ जर्सींचे आले ४९,७००. माल ५७,००० चा. म्हणजे रोखीत ७,३०० चा खड्डा आणि १५८ जर्सी माळ्यावर. बघायला गेलं तर एवढ्यानं कुणी बुडत नाही. खरा फटका कागदावर नव्हता. स्टड्सची ऑर्डर उशिरा गेली. एका तालमीची टीम चार वर्षं आमच्याकडून बूट घ्यायची, बावीस जोड, न विचारता. त्या वर्षी कॅप्टन येऊन गेला, दोनदा आला, साइज नव्हते. तिसऱ्यांदा तो रस्त्यात भेटला तेव्हा त्याच्या हातात दुसऱ्या दुकानाची पिशवी होती. तो बिचारा ओशाळला. म्हणाला, "दादा, मॅच तोंडावर आली, काय करणार?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं. ती टीम नंतर परत आली नाही. ज्यांनी मला वर्षभर जगवलं त्यांचे पैसे मी आठवडाभर जगणाऱ्या गिऱ्हाईकावर लावले होते.

वडिलांनी कधी टोमणा मारला नाही. फक्त माळ्यावरून काही काढायचं असलं की म्हणायचे, "त्या छेत्रीला जरा बाजूला सरकव."

मी भारताच्या मॅच बघणं सोडलं का? छे. सप्टेंबर २०१९ मध्ये दोह्यात भारतानं आशियाच्या विजेत्या कतारला ०-० रोखलं. छेत्री आजारी, टीममध्येच नाही, आणि गुरप्रीतनं एकट्यानं गड राखला. त्या रात्री माझा आवाज बसला. दुसऱ्या दिवशी १४ जर्सी गेल्या आणि मी एकही नवीन छापली नाही. साठ एका टर्फ स्पर्धेवाल्यांना दीडशे रुपयांनी दिल्या. जुलै २०२३ ला बेंगळुरूत कुवेतला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून सॅफ चषक जिंकला, तेव्हा ३१. उरल्या ५३. पिशव्यांचं प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं.

मग मे २०२४ मध्ये छेत्रीनं निवृत्ती जाहीर केली. ६ जूनला कोलकात्यात कुवेतशी शेवटची मॅच. भावाचा फोन आला, "दादा, माळ्यावरच्या त्या किती आहेत? पोरं रांगेत आहेत." अकरा दिवसांत बावन्न जर्सी गेल्या, पूर्ण ३५० नं. त्रेपन्नावी मी ठेवून घेतली.

आणि मार्च २०२५ मध्ये गड्यानं निवृत्ती मागे घेतली. शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-० च्या विजयात हेडरनं गोलही मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला भाऊ पुन्हा फोनवर.

"दादा, छेत्रीची एक जर्सी मागतोय एकजण. तुझ्याकडची देऊ का? पाचशे म्हणतोय."

"नाही म्हण," मी म्हणालो. "आणि नवीन छापू नकोस."

"शंभर तरी?"

"वीस. पाठ कोरी."