मशीन बसवलं, तरी पोर ऐकत का नाही?



मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "माझ्या नणंदेच्या मुलाला आणि शेजारच्या गावातल्या मुलीला एकाच महिन्यात ऑपरेशन करून कानाचं मशीन बसवलं. ती पोरगी आता हाकेला वळते, आमचा मुलगा बघतही नाही. मशीन खराब दिलं का?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. माहिती घेऊन आज लिहिते आहे.

या मशीनला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. साधं श्रवणयंत्र आवाज फक्त मोठा करतं. इम्प्लांट आवाजाचे विजेचे संकेत बनवून थेट कानाच्या नसेला देतं. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा भाग असतो. डॉक्टर त्यात एक बारीक तार सरकवतात. तारेवर साधारण 12 ते 22 छोटे ठिपके असतात, त्यांना इलेक्ट्रोड म्हणतात.

भजनाची पेटी आठवा. एका टोकाला जाडे सूर, दुसऱ्या टोकाला बारीक सूर. शंखाचंही तसंच आहे. तोंडाशी बारीक आवाज, आत खोलवर जाडे आवाज. इलेक्ट्रोड म्हणजे पेटीवरची बोटं. बोट चुकीच्या पट्टीवर पडलं तर सूर बदलतो ना, तसंच हे.

तार कमी आत गेली, तर जाड्या आवाजांची जागा रिकामी राहते आणि सगळं बोलणं चिरकं वाटू शकतं. शंखात एकावर एक नळ्या असतात. तार खालच्या नळीतच राहिली तर बोलणं समजायला जास्त मदत होते. नाजूक पडदा फाडून ती वरच्या नळीत गेली, तर निकाल सरासरीने कमी येतो. कधी तारेचं टोक आत दुमडतं. मेनिंजायटिस होऊन बहिरेपण आलं असेल, तर शंखात हाड वाढू शकतं आणि मग तार पूर्ण जात नाही. म्हणून अशा मुलाला थांबवू नका, लगेच दाखवा.

पण सगळा दोष तारेच्या जागेला देऊ नका. नस कशी आहे, ऑपरेशन कोणत्या वयात झालं, मशीन दिवसभर लावतात का, स्पीच थेरपी चालू आहे का, यावरही खूप अवलंबून असतं. मशीन चालू केल्यावर ते मुलाच्या कानाप्रमाणे पुन्हा पुन्हा जुळवावं लागतं. याला मॅपिंग म्हणतात. नीट काम न करणारे इलेक्ट्रोड त्यात बंदही करता येतात. "लांब पडतं" म्हणून मॅपिंग चुकवलं, तर चांगली बसलेली तारही वाया जाते.

डॉक्टरांना हे विचारायला लाजू नका:
• तार पूर्ण आत गेली का? एक्स-रे काढला का?
• किती इलेक्ट्रोड चालू आहेत?
• पुढचं मॅपिंग कधी?

उत्तरं फाईलमध्ये लिहून घ्या. नणंदेच्या मुलासाठीही पहिलं काम हेच, फाईल घेऊन मॅपिंगला जाणं.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या 5 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी केंद्राच्या एडिप योजनेतून इम्प्लांटला मदत मिळते. मुंबईची अली यावर जंग संस्था हे काम बघते. अंगणवाडीत आरबीएसकेची तपासणी टीम येते, तिलाही दाखवा.

"उशिरा बोलेल, बापही उशिराच बोलला होता," असं म्हणत वर्षं घालवू नका. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या गल्लीतलं एक तरी लहान मूल आठवून सांगायचं, जे हाकेला वळत नाही. सांगाल ना?