जीवनपावित्र्य, ख्रिस्ती
मानवी जीवन ही ईश्वराने सोपविलेली ठेव असून मनुष्य तिचा स्वामी नव्हे, विश्वस्त होय, ही ख्रिस्ती नीतिविचारातील मूलभूत कल्पना. ईश्वराने मानवास आपल्या प्रतिरूपात निर्मिले, या बायबलमधील ‘उत्पत्ती’ ग्रंथातील विचारावर ती आधारलेली आहे. दिदाखे या प्राचीन ख्रिस्ती आचारग्रंथाने भ्रूणहत्या व बालहत्या, तर सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने आत्महत्याही निषिद्ध मानली. हुतात्म्यांना मात्र चर्चने गौरविले. कारण जीवन पवित्र असले, तरी ते अंतिम श्रेय नव्हे. ईश्वरप्रीती व शेजाऱ्याची सेवा यांसाठी ते वेचणे, हेच त्याचे प्रयोजन होय. दीर्घकाळ मान्य असलेला मृत्युदंड २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात अग्राह्य ठरविला. घोर अपराधानंतरही माणसाची प्रतिष्ठा लोपत नाही, ही त्यामागील भूमिका आहे.